महिन्याला दहा

ओजस म्हणाला, आधी निश ठरव.
लक्ष्मी रोडवर दुकान मिळणार नाही आता तुला,
बोळ शोध. जिथे गिऱ्हाईक आहे
पण पाटी नाही कुणाची.

म्हणून धायरीच्या या भाड्याच्या खोलीत
एकशे चौदा ओळींचा तक्ता:
लोक काय शोधतात, महिन्याला किती जण, गर्दी किती.
वजन कमी करणे, नव्वद हजार, लाल.
केस गळती, लाल.
घरबसल्या पैसे, इतकं लाल की डोळे चुरचुरले.
(तेच तर मीही शोधत होते.)
कढीपत्ता कुंडीत का जगत नाही, पिवळा.
मांजर रात्री का रडते, पिवळा,
इथे जरा रेंगाळले, जिन्याखाली आमच्या तीन आहेत.

मग अगदी तळाशी, हिरव्यात,
कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता टाइप केलेलं:
शिलाई मशिन खालुन दोरा गुंततो काय करू
महिन्याला दहा.

दहा? ओजस हसला.
अगं, दहा म्हणजे त्या यंत्राची शेवटची पायरी,
त्याखाली ते मोजतच नाही.
दहा म्हणजे दोनही असतील. कुणी नसेलही.

पण मला ते दिसायला लागले होते.
उरुळीची एक, चाळीस गणवेश, सोमवारी शाळा.
एक जण, ज्याच्या बायकोचं मशीन
तिच्यामागे तसंच राहिलंय, पायाखाली अर्धी उशी.
एक नुकतीच शिकणारी, जी दर वेळी कापड कापून काढते
आणि नवऱ्याला सांगते, झालंच, झालंच.
बाकीचे सात धूसर.

कोशात निशला शब्द सापडला: कोनाडा.
माझ्या खोलीच्या भिंती चार इंची,
त्यांत पणतीएवढीही जागा कुणी कोरणार नाही.
रविवार पेठेत इस्माईलभाई तांबोळींच्या दुकानात मात्र आहे एक,
हात कोपरापर्यंत जाईल इतका खोल,
आत बिस्किटांच्या डब्यांत बॉबिन, स्प्रिंगा, दातपट्ट्या,
तेलाने काळी झालेली भिंत.

मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.
"खाली गुंता दिसला ना, की चूक वर असते.
लोक खालचंच उचकत बसतात.
पाय उचला. मग दोरा ओवा.
पाय खाली ठेवून ओवला
तर चकत्यांमध्ये बसतच नाही तो,
वरवर लोंबतो. दिसायला सगळं बरोबर."

मी वहीत लिहीत होते.
कशाला, म्हणाले. सांगितलं.
किती लोक विचारतात? महिन्याला दहा, म्हटलं.
स्क्रू ड्रायव्हर थांबला.
"माझ्याकडे दिवसाला तीन येतात.
लिहून-बिहून विचारत नाही कुणी.
मशीन रिक्षात मांडीवर घेऊन येतात."

परत येताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला
मी हिशेब करत होते: तीन गुणिले सव्वीस.
ओजसच्या तक्त्यात यांच्यासाठी रकाना नव्हता.

नाव घेतलं वर्षाचं, सातशे नव्व्याण्णव रुपये.
पहिला लेख: पाय उचला.
दुसरा: सुई उलटी बसली आहे का.
तिसऱ्यासाठी पुन्हा रविवार पेठ, या वेळी चहा मी पाजला.

चार महिने दोनच पाहुणे:
एक मी, आणि एक ओजस,
तोही शुद्धलेखन काढायला.

काल रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी
सासवडहून कुणीतरी आलं.
पहिला लेख. नऊ मिनिटं चार सेकंद.
एवढा वेळ वाचायला लागत नाही,
मी घड्याळ लावून वाचून पाहिलं, दोन मिनिटांत संपतो.

मग गेलं.
दोरा बसला का, मशीन चाललं का,
की कंटाळून दिवा मालवला,
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.